आभाराचे चार शब्द

फोन आला तेव्हा मी वाचनालयाच्या फळ्यावर शेवटच्या दिवसाच्या वक्त्याचं नाव लिहीत होते. पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन होता. "बाबांना सकाळपासून ताप आहे. डॉक्टर प्रवास करू नका म्हणतायत. फार वाईट वाटतंय, पण..." मी म्हटलं, "काळजी घ्या त्यांची." रिसीव्हर ठेवून घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. व्याख्यान सहाला होतं.

१९९८ सालचा जानेवारी. हिवरघाट हे आमचं नदीकाठचं गाव. तालुक्याचं म्हणायचं, पण एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढं. मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. माझं माहेरही याच गावातलं आणि सासरही, मधे फक्त बाजारपेठ. संक्रांतीच्या आठवड्यात वाचनालय व्याख्यानमाला भरवायचं. सात दिवस, सात वक्ते. त्या वर्षी मालेचं पंचविसावं वर्ष होतं, आणि चोवीस वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. एका साली वीज गेली तर गॅसबत्त्या लावून व्याख्यान झालं होतं. एका साली वक्ते आले आणि श्रोते अकरा होते, तरी झालं होतं. गावात घरोघरी टीव्ही आल्यापासून गर्दी ओसरली होती, पण हा एक अभिमान शिल्लक होता की खंड पडला नाही.

मी फळा पुसायला फडकं उचललं, तेवढ्यात काउंटरपलीकडून आवाज आला.

"पुसू नका अजून. सहाला लोक येणारच आहेत."

मालिनीबाई खैरमोडे पुस्तक बदलायला आल्या होत्या. त्या रोज याच वेळी यायच्या. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे, सगळे 'एक्स्चेंजच्या बाई' म्हणत. टेलिफोन जेव्हा हाताने जोडून द्यावे लागत, तेव्हा त्या पोस्टातल्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सत्तावीस वर्षं. पुढे आपोआप लागणारे फोन आले, फोन जोडायचा बोर्ड निघाला, आणि काही वर्षांनी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. लग्न केलं नव्हतं. आई होती ती वारली. पोस्टामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या.

"वक्ते येत नाहीत," मी म्हटलं.

"ऐकलं मी. तुम्ही बोलताना इकडची बाजू ऐकली की तिकडची कळते." त्या किंचित हसल्या. "कुणी गावातलं बघा. हेडमास्तर?"

"ते तीनदा बोललेत. लोकांना आता त्यांचं भाषण पाठ आहे."

"मग डॉक्टर?"

"ते लग्नाला गेलेत कोल्हापूरला."

मालिनीबाईंनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. मी कार्ड काढलं, तारीख टाकली. आणि तारीख टाकता टाकता म्हणाले, "तुम्ही बोलाल का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मलाही माझ्या तोंडून काय निघालं ते नंतर कळलं.

"मी काय बोलणार?"

"एक्स्चेंजबद्दल. गावातले फोन तुम्ही जोडून दिले. त्याबद्दल आजवर कुणी बोललंय?"

"नायकनवरेसाहेब अध्यक्ष आहेत ना?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"आहेत."

"मग त्यांना विचारा आधी. ते हो म्हणाले तर मला निरोप पाठवा. मी तयार होऊन बसते." एवढं बोलून पुस्तक पिशवीत घालून त्या गेल्या.

बापूसाहेब नायकनवरे वाचनालयाचे अध्यक्ष. गुळाचे व्यापारी, वय सत्तरीच्या आसपास, माणूस सरळ. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांच्या पेढीवर गेले तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून पेपर वाचत होते. वक्ते येत नाहीत हे सांगितल्यावर त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"खंड पडू द्यायचा नाही," ते म्हणाले. "मी स्वतः चार शब्द बोलेन, पण पडू द्यायचा नाही."

"मी एक नाव आणलंय. मालिनीबाई."

पेढीवर गुळाच्या ढेपा रचलेल्या होत्या, त्यांच्यावरून माश्या उडत होत्या.

"कल्पना, तुला माहीत नाही असं नाही," ते शेवटी म्हणाले. "हेमा तुझ्याच वयाची."

मला माहीत होतं. साऱ्या गावालाच माहीत होतं. हेमा त्यांची मोठी मुलगी. सतरा वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या. तिला लहानपणी कधीतरी आकडी यायची. मिरजेच्या एका डॉक्टरांची औषधं चालू होती आणि तीन-चार वर्षांत एकदाही त्रास झाला नव्हता. घराबाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नाला दहा दिवस असताना काकांनी घरच्या फोनवरून त्या डॉक्टरांना ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, केला. चौथ्या दिवशी मुलाकडचे दोघं जण आले, ओट्यावरच बसले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत, आणि लग्न मोडून गेले. त्यांना सगळं कळलं होतं, गोळ्यांच्या नावासकट. फोन कुणी जोडून दिला? मालिनीबाईंनी. मग दुसरं कुणाचं नाव येणार? काकांनी वरच्या साहेबांकडे अर्ज केला. चौकशी झाली, त्यात काही निघालं नाही, नोकरी राहिली. पण गावाने आपला निकाल देऊन टाकला होता. बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या. फोनवर बोलताना माणसं मुद्दाम म्हणायची, "जपून बोल रे, बाई ऐकतायत." त्या सगळं ऐकून 'जोडून देते' म्हणायच्या.

"हेमाचं पुढे चांगलंच झालं," काका म्हणाले. "पुण्यात शिकली, मास्तरीण झाली, नवरा मनासारखा मिळाला, त्याला सगळं सांगून लग्न केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दिवशी माझी पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते सगळं ऐकत होती. ते मी विसरू शकत नाही."

"मग दुसरं कुणी बघू?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "दुसरं कोण आहे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"पंचवीस वर्षं," ते स्वतःशीच म्हणाले. "बोलव त्यांना. मी खुर्चीत बसेन. अध्यक्ष म्हणून बसायलाच पाहिजे. पण शाल-नारळ तू दे. माझ्या हातून व्हायचं नाही."

परत येऊन मी फळ्यावर नवीन नाव लिहिलं. खाली विषय लिहिला: 'एक्स्चेंजमधली सत्तावीस वर्षं'. तासाभरात बातमी गावभर गेली, कारण पाच वाजता माझी आई वाचनालयात आली. आई तोपर्यंत कधी वाचनालयाची पायरी चढली नव्हती. तिचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं, गुडघे दुखायचे, तरी आली. आयुष्यभर तिने शिवणकाम केलं होतं. वडील लवकर गेले, मशीनवरच तिने आम्हा दोघी बहिणींना वाढवलं.

"बोर्डावर कुणाचं नाव लिहिलंयस?" तिने विचारलं.

"वाचलंस ना."

"मला वाचता येत नाही ते तुला माहिताय. शेजारच्या शांताने सांगितलं. कशाला गं? एवढ्या वर्षांनी खपली कशाला काढतीस?"

"दुसरं कुणी नव्हतं, आई."

"नव्हतं तर एक दिवस राहू द्यायचा." ती बाकावर टेकली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी येणार हाय संध्याकाळी."

"तू कधी येत नाहीस."

"आज येणार," ती म्हणाली आणि उठून गेली.

सहा वाजता शाळेचं सभागृह भरलेलं होतं. उद्घाटनालासुद्धा एवढी माणसं नव्हती. मागे उभे राहिलेले लोक होते, खिडकीत बसलेले होते. हे पुण्याच्या वक्त्यांसाठी आले नव्हते हे उघड होतं. एक्स्चेंजच्या बाई बोलणार म्हटल्यावर जो तो आला होता. ज्यांच्या घरी त्या काळी फोन होता ते सगळे पुढच्या रांगांत होते, आणि त्यांच्यातले काही अस्वस्थ दिसत होते. आई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर.

मालिनीबाई फिकट निळ्या सुती साडीत आल्या. व्यासपीठावर तीन खुर्च्या होत्या. मधे काका, एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, अगदी औपचारिक. मी प्रास्ताविक केलं, परिचय करून दिला, शाल आणि नारळ दिला. शाल मला त्यांच्या खांद्यावर नीट घालता येईना. त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी सांभाळून घेते."

त्या माईकपाशी आल्या आणि म्हणाल्या, "मला समोर माणसं बघून बोलायची सवय नाही. मी जरा टेबलाकडे बघत बोलले तर राग मानू नका."

लोक हसले. मग त्या खरोखरच टेबलाकडे बघत बोलल्या. आवाज स्वच्छ, एकेक शब्द सुटा. तो आवाज सभागृहातल्या निम्म्या लोकांनी वर्षानुवर्षं कानाशी ऐकला होता. त्या आवाजाच्या बाईकडे ते बहुतेक पहिल्यांदाच नीट बघत होते.

त्यांनी सांगितलं की त्या कामाला लागल्या तेव्हा गावात एकोणीस फोन होते आणि बोर्ड निघाला तेव्हा त्रेसष्ट. एक नंबर पोलीस चौकी, दोन नंबर दवाखाना. कुणी नंबर सांगितला नाही तरी त्यांना कळायचं. कुठला माणूस कितीदा फोनचं हँडल फिरवतो त्यावरून ओळखू यायचा.

"एक म्हातारी बाई होत्या," त्या म्हणाल्या. "नाव सांगत नाही. मुलगा लांब, जहाजावर. त्याने महिनाभर आधी पत्रातून वेळ कळवली होती. या पोस्टात येऊन बसल्या. मी फोन जोडून हातात दिला. मुलगा म्हणतोय, हॅलो आई, हॅलो आई. या काही बोलेनात. तीन मिनिटांचा कॉल. एक मिनिट गेलं. मी खिडकीतून वाकून बघितलं, तर या मान हलवत होत्या. मुलगा काही विचारतोय आणि या मान हलवून हो म्हणतायत. मग मी मुलाला सांगितलं, साहेब, आई मान हलवतायत, तुम्ही बोलत राहा. पुढची दोन मिनिटं तो बोलत राहिला आणि मी त्याला सांगत राहिले. हो म्हणाल्या. नाही म्हणाल्या. आता डोळे पुसतायत."

मग त्यांनी पुराची गोष्ट सांगितली. श्रावणातली सकाळ होती, पाणी पोस्टाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. वरच्या अंगाच्या गावातून फोन आला की बंधारा फुटला. खालच्या अंगाला दोन गावं, प्रत्येक गावात एकच फोन. एका ठिकाणी लगेच उचलला. दुसऱ्या ठिकाणी फोन सोसायटीच्या कचेरीत होता आणि कचेरी बंद होती.

"मी चाळीस मिनिटं रिंग देत होते. बरोबरची माणसं म्हणाली, सोडा, कचेरीत कोण असणार. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. शेवटी झाडायला आलेल्या बाईने उचलला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फोन हातात धरला होता. मी म्हटलं, बाई, देवळातली घंटा वाजवा आणि थांबू नका, माणसं येईपर्यंत वाजवा."

मागून एक म्हातारा आवाज आला, "ती घंटा मी ऐकलीय. मला वाटलं कुणीतरी नवस फेडतंय."

"मग तुम्ही बाहेर आलात का?" मालिनीबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

"आलो म्हणून तर हितं बसलोय."

मोठा हशा झाला. काकाही हसले, मी बघितलं. मग मालिनीबाईंनी पाण्याचा घोट घेतला.

"तुमच्यातल्या पुष्कळांना माझ्याकडून एक गोष्ट जाणून घ्यायची आहे," त्या म्हणाल्या. "ती विचारायलाच बरेच जण आलेत, हे मला कळतं. कामाला लागताना आम्हाला शपथ घ्यावी लागायची. कानावर पडलेलं बाहेर बोलणार नाही. लोकांना वाटतं, याचा अर्थ गुपित सांगायचं नाही एवढाच. तसं नसतं. 'मी सांगितलं नाही' असं जरी म्हणायचं झालं, तरी कुठला फोन, कुणाचा फोन, त्यात असं काही होतं, हे कबूल करावं लागतं. ते कबूल केलं की शपथ मोडली. म्हणून चौकशीच्या साहेबांना मी म्हटलं, कॉलची वेळ रजिस्टरमध्ये आहे, बाकी मला आठवत नाही. न आठवणं हेच माझं काम होतं. ते मी जमेल तसं केलं. नमस्कार."

त्या खुर्चीत येऊन बसल्या. टाळ्या झाल्या, पण कशा, तर लोक आधी एकमेकांकडे बघत होते आणि मग वाजवत होते.

काकांनी अध्यक्षीय समारोप केला. दोनच वाक्यं. "माला पंचवीस वर्षं अखंड चालली, याचा आनंद आहे. आजच्या वक्त्यांनी ऐन वेळी येऊन ती अखंड ठेवली, याची नोंद घेतली पाहिजे." एवढं बोलून बसले.

राहिलं आभारप्रदर्शन. ते दर वर्षी माझ्याकडे असायचं. लोक त्या वेळी चपला शोधायला लागतात, म्हणून मी चार ओळींचा कागद करून ठेवायचे. मंडपवाले, माईकवाले, शाळेचे मुख्याध्यापक, पिण्याच्या पाण्याची सोय करणारे. मी ती सगळी नावं वाचली. शेवटची ओळ होती, 'आजच्या वक्त्या मालिनीबाई खैरमोडे यांचे मी आभार मानते.'

मी 'मालिनीबाई खैरमोडे यांचे' पर्यंत वाचलं आणि थांबले. लोकांना वाटलं मला ओळ सापडत नाही. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "आभार मानते म्हणा आणि संपवा, ताई."

मी कागद टेबलावर ठेवला.

"मला बाईंचे आभार मानता येत नाहीत," मी म्हटलं. "त्याआधी एक सांगायचं राहिलंय. सतरा वर्षांपूर्वीचा जो फोन सगळ्यांच्या मनात आहे, तो मी ऐकला होता. मी त्या घराच्या ओट्यावर उभी होते. ते मी घरी जाऊन बोलले, आणि तिथून ते गावाबाहेर गेलं. बाईंचा त्यात काही संबंध नव्हता. हे मला तेव्हापासून माहीत आहे."

एवढंच बोलले.

आता नीट सांगते. हेमाच्या लग्नाची झंपरं आईकडे शिवायला होती. मी ती द्यायला गेले होते. सतरा वर्षांची होते. भर दुपार होती, दार उघडं होतं, आणि काका आतल्या खोलीत फोनवर ओरडून बोलत होते, कारण त्या काळी ट्रंक कॉलला ओरडावंच लागायचं. "गोळ्या चालू ठेवायच्या का? लग्न झाल्यावरही?" गोळ्यांचं नावसुद्धा त्यांनी दोनदा सांगितलं, पलीकडच्याला ऐकू येईना म्हणून. मी झंपरं हेमाच्या आईकडे देऊन घरी आले. आईने मशीनवरून मान वर न करता विचारलं, "काय म्हणतीय नवरी?" आणि मी सगळं सांगितलं. मनात काही वाईट नव्हतं. उलट हेमाची कीवच आली होती. आईने ते कापड घ्यायला आलेल्या एका नात्यातल्या बाईला सांगितलं, आणि ती बाई नेमकी मुलाकडच्या गावची निघाली.

लग्न मोडलं त्या दिवशी आईने मला आत बोलावून दार लावलं. "कुणाला काही बोलायचं नाही. नायकनवऱ्यांच्या घरचं शिवण गेलं तर आपण खायचं काय?" मी नाही बोलले. दोन दिवसांनी मालिनीबाईंचं नाव गावात फिरायला लागलं, तेव्हाही नाही बोलले. मग माझं लग्न झालं, मला वाचनालयात नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात त्या पुस्तक बदलायला आल्या. पुढची अकरा वर्षं मी त्यांच्या कार्डावर तारखा टाकत होते. त्या दुपारी त्यांना 'बोलाल का' असं विचारलं ते काही योजून नाही. पण आई ते फळ्यावरचं नाव ऐकून धावत आली, ती का आली हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं नाही. काका उठले. मला वाटलं ते निघून जाणार. ते माईकपाशी आले, मी बाजूला झाले.

"खात्याकडे अर्ज मी केला होता," ते म्हणाले. "सही माझी होती." ते मालिनीबाईंकडे वळले आणि हात जोडून उभे राहिले. ते औपचारिक नव्हतं. मालिनीबाईंनीही उठून हात जोडले. मग काका माईककडे तोंड न करताच म्हणाले, "कार्यक्रम संपला," आणि पायऱ्या उतरून गेले.

लोक हळूहळू उठले. कुणी माझ्याकडे आलं नाही. दोन-तीन बायका मालिनीबाईंच्या जवळ गेल्या, त्यांना काय बोलावं कळेना, एकीने उगीच त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली. आई खुर्चीचा आधार घेत उठली आणि दारापाशी माझी वाट बघत उभी राहिली. मी जवळ गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझं नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं." मी म्हटलं, "तू घरी जा, मी येते."

सभागृह रिकामं झालं. मी व्यासपीठावरच्या खुर्च्या दुमडत होते. मालिनीबाई गेल्या नव्हत्या. त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या.

मी त्यांच्यासमोर गेले. "बाई, मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही."

"माफीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "बसा इथे. मला एक सांगा. नीट आठवून सांगा."

मी बसले.

"तुम्ही ओट्यावर होता. ते आतल्या खोलीत?"

"हो. मधे एक खोली."

"आणि तरी सगळं ऐकू आलं? शब्द न् शब्द?"

"सगळं. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आलं असतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्या रडतील, पण तसं काही झालं नाही.

"फोन जोडून दिला की बोर्डावरची एक कळ वर करायची असते," त्या म्हणाल्या. "ती वर केली की दोघांचं बोलणं आम्हाला ऐकू येत नाही. ती खाली राहिली तर हेडफोनमधून आवाज येत राहतो. मला हेडफोन काढून टेबलावर ठेवायची सवय होती, कान दुखायचे. त्या दुपारी टपालाच्या थैल्या न्यायला दोन माणसं आत आली होती, माझ्या टेबलाशेजारीच उभी होती. मी कळ वर केली होती की नाही, हे मला आठवत नव्हतं. गाव म्हणतं ते खोटं, मी तोंडाने काही बोलले नाही, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या चुकीने त्या माणसांनी ऐकलं असेल तर? त्या मुलीचं लग्न माझ्या हातून मोडलं असेल तर? सतरा वर्षं मी रोज ती दुपार आठवून बघायचे. फोन आला, नंबर विचारला, प्लग लावला, आणि मग कळ. तिथे येऊन माझा हात थांबायचा. पुढचं आठवायचं नाही. चौकशीत सुटले, तरी आजपर्यंत मी स्वतःला सोडलं नव्हतं."

मला इतकी वर्षं वाटत होतं की गावाने त्यांच्यावर घेतलेला आळ त्या निर्दोषपणे सोसतायत. त्यांनी स्वतःलाच गुन्हेगार ठरवलं असेल, हे माझ्या मनालाही शिवलं नव्हतं.

त्या उठल्या. शाल घडी करून पिशवीत ठेवली.

"तुम्ही मला लवकर सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण त्यांनी ते मला ऐकवायचं म्हणूनच ऐकवलं. "आई होती तेव्हा सांगायला हवं होतं. तिला कळलं असतं."

"हो," मी म्हटलं.

"चला, दिवे मालवा. मी दारापाशी थांबते."

मी दिवे मालवले, दाराला कुलूप लावलं. रस्त्यावर अजून माणसं होती, दुकानं उघडी होती. पोस्टापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. वाटेत तीन-चार जणांनी त्यांना नमस्कार केला. त्यांनी प्रत्येकाला थांबून, नाव घेऊन उत्तर दिलं. सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती.